छातीत दुखणे: ईसीजी नॉर्मल आला, तरी डॉक्टर ठेवून का घेतात?

गोदातीर

छातीत दुखत असलेला माणूस दवाखान्यात आला की डॉक्टर त्या दुखण्याचे कारण कोणत्या क्रमाने शोधतात, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. विचारण्याचे निमित्त घरचेच आहे. आमच्या भावोजींना परवा रात्री जेवणानंतर छातीच्या मध्यभागी जळजळ आणि जडपणा असे दोन्ही जाणवू लागले, थोडा घामही आला. वय पन्नाशीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी चालू. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल निघाला. तरीही त्यांनी चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे पुन्हा ईसीजी, रक्ताची तपासणी, काही तासांनी पुन्हा तीच तपासणी, आणि रात्रभर देखरेखीखाली मुक्काम.

यावरून घरात दोन तट पडले आहेत. 'पट्टी चांगली आली आहे, मग बिल वाढवण्याखेरीज ठेवून घेण्याचे कारण काय?' असे भावोजींच्या थोरल्या बंधूंचे म्हणणे आहे. ताई मात्र डॉक्टर सोडतील तेव्हाच घरी जायचे म्हणते. एकदा ईसीजी नॉर्मल आल्यावर हृदयाचा संशय फिटत का नाही, हृदय सोडून छातीत दुखण्याची इतर कारणे कोणती आणि ती कशी ओळखतात, हे इथल्या वैद्यकीय क्षेत्रातील सदस्यांनी सांगावे. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांनीही लिहावे.

रानवारा

माझ्या पाहण्यात तरी छातीत दुखण्याच्या बहुतेक तक्रारी ॲसिडिटीच्या किंवा गॅसच्याच निघाल्या आहेत. उशिरा जेवण, त्यात तिखट-तेलकट, आणि लगेच आडवे होणे; मग मध्यरात्री छातीत जळजळणारच. ओवा आणि गरम पाणी घेऊन अर्धा तास बसले की बरे वाटते. तुमच्या भावोजींनाही जेवणानंतरच दुखले आहे, म्हणून मला तरी हे पोटाचेच वाटते. उगाच घाबरून जाऊ नये, एवढेच सुचवायचे आहे.

तालुक्याचा_डॉक्टर

गोदातीर, तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी अगदी योग्य केले. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो आणि असे रुग्ण रोज पाहतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

छातीत दुखणाऱ्या रुग्णाला पाहताना आमच्या मनात पहिला प्रश्न 'याला काय झाले आहे?' हा नसतो. 'येत्या तासा-दोन तासांत याचा जीव घेऊ शकेल असे काही आहे का?' हा असतो. ती यादी फार लांब नाही. हृदयविकाराचा झटका, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या आतल्या थराला चीर जाऊन त्यात रक्त शिरणे, पायातील रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकणे, फुप्फुसाला छिद्र पडून छातीच्या पोकळीत दाबाने हवा साठणे, हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी भरून हृदय दाबले जाणे, आणि क्वचित, जोराच्या उलट्यांनंतर अन्ननलिका फाटणे. ही सहा कारणे बाजूला सारता आली की मग ॲसिडिटी, स्नायू, बरगड्यांचे सांधे, पित्ताशयातील खडे, भीतीचा झटका यांचा विचार निवांतपणे करता येतो. रानवारा म्हणतात ते संख्येच्या दृष्टीने खोटे नाही, दवाखान्यात येणाऱ्या अशा पुष्कळ रुग्णांचे हृदय ठणठणीतच असते. पण समोर बसलेला हा एक माणूस त्या पुष्कळांतला आहे की उरलेल्या थोड्यांतला, हे नुसत्या अंदाजावर सोडून देता येत नाही.

आता ईसीजीबद्दल. ईसीजी म्हणजे रहदारीच्या रस्त्याचा एका क्षणी काढलेला फोटो आहे; त्यात रस्ता मोकळा दिसला म्हणून दहा मिनिटांपूर्वी तो तुंबला नव्हता किंवा दहा मिनिटांनी तुंबणार नाही, असे म्हणता येत नाही. धमनीतील गुठळी कधी पूर्ण अडवते, कधी थोडी वाट देते, आणि त्याप्रमाणे पट्टीवरचे बदल येतात आणि जातात. शिवाय हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका नेहमीच्या बारा लीडमध्ये (छाती आणि हातापायांवर लावलेल्या तारांतून मिळणाऱ्या नोंदींत) नीट दिसतोच असे नाही. त्यासाठी पाठीवर, डाव्या खांद्याच्या पात्याखाली जादा लीड लावून पाहावे लागते. म्हणून दुखणे चालू असेल तर आम्ही पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा पट्टी काढतो आणि आधीच्या पट्टीशेजारी ठेवून पाहतो. वाईट ईसीजी पाहून लगेच निर्णय घेता येतो, पण चांगला ईसीजी पाहून लगेच घरी पाठवता येत नाही.

रक्ताची जी तपासणी दोनदा केली ती बहुधा ट्रोपोनिनची असणार. हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन आहे. स्नायूच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात येते, पण लगेच नाही. जुन्या पद्धतीच्या चाचणीत ते दिसायला साधारण तीन ते सहा तास लागतात. नव्या, अतिसंवेदनशील चाचणीत हा काळ कमी झाला आहे आणि दुसरे रक्त एक ते तीन तासांनी घेता येते. दुखणे सुरू होऊन तासच झाला असेल तर पहिला रिपोर्ट नॉर्मल असण्यात काही विशेष नाही. दुसरा आकडा पहिल्याहून चढला आहे की आहे तिथेच आहे, यात खरी माहिती असते.

अंगणवेल

डॉक्टर, आपण दुखण्याबद्दल लिहिलेत; माझ्या आईच्या बाबतीत दुखणे असे नव्हतेच. तिला पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह आहे. एके दिवशी सकाळपासून तिला गळून गेल्यासारखे होत होते, जिना चढताना धाप लागली आणि कपाळावर घाम. छातीत दुखते का, असे विचारले तर ती ठामपणे नाही म्हणाली; फक्त जबडा आणि दात ठणकतात म्हणाली. आम्ही दंतवैद्याकडेच जाणार होतो. शेजारच्या काकूंनी, त्या निवृत्त परिचारिका आहेत, आईच्या हाताला हात लावला, तो थंड आणि ओलसर लागला, आणि त्यांनी आम्हाला थेट रुग्णालयात नेले. ईसीजीमध्ये झटका स्पष्ट दिसत होता. 'छातीत दुखते का?' या एका प्रश्नावर अवलंबून राहू नये, म्हणून हे लिहिते आहे.

तालुक्याचा_डॉक्टर

अंगणवेल, हे लिहिलेत ते फार चांगले केले. दीर्घकाळच्या मधुमेहात नसा बधिर होतात आणि हृदयाची वेदना मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. स्त्रियांमध्ये आणि वृद्धांमध्येही धाप, मळमळ, घाम, कमालीचा थकवा, जबड्यात, खांद्यात किंवा पाठीत दुखणे एवढ्यावरच झटका प्रकट होऊ शकतो. त्यामुळे आम्ही 'दुखते का?' असे न विचारता 'छातीत काही वेगळे वाटते का?' असे विचारतो. पुष्कळ लोक 'दुखत नाही हो, फक्त छाती भरून आल्यासारखी वाटते' असे सांगतात, आणि तेच हृदयाचे लक्षण असते.

माळरान

मला दुसरी बाजू मांडायची आहे. माझ्या काकांना छातीच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या रेषेत, आग होऊन टोचल्यासारखे दुखत होते. शहरातील एका रुग्णालयात नेल्यावर ईसीजी, एको (हृदयाची सोनोग्राफी), रक्ततपासणी सगळे नॉर्मल आले, तरी दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी करून टाकू म्हणाले. आम्ही मान्य केले. तीही नॉर्मल निघाली. घरी आल्यावर त्याच पट्ट्यात पुरळ उठले. ती नागीण होती. त्या दोन दिवसांत कोणी त्यांची छाती उघडी करून नीट पाहिली नाही, बोटाने दाबून पाहिली नाही, दुखते कुठे हे शांतपणे विचारले नाही, याचा मला अजून राग आहे. गोदातीर यांच्या घरातला संशय हवेतून आलेला नाही. लोकांनी असे अनुभव घेतलेले असतात.

तालुक्याचा_डॉक्टर

माळरान, तुमचा राग मला समजतो आणि त्यात तथ्य आहे. नागिणीत पुरळ उठण्याआधी दोन-चार दिवस नुसती आग आणि वेदना असू शकते, त्यामुळे पहिल्या दिवशी निदान हुकणे समजण्यासारखे आहे. पण एकाच बाजूला, एका नसेच्या पट्ट्यात, कपडा लागला तरी सहन न होणारी आग, ही हकीकत नीट ऐकली असती तर संशय यायला हवा होता. कमी जोखमीच्या रुग्णाची दोन्ही ट्रोपोनिन आणि ईसीजी नॉर्मल असताना सरसकट अँजिओग्राफी करण्याची गरज नसते. अशा वेळी ट्रेडमिलवर चालवून केलेली टीएमटी, किंवा हृदयाच्या धमन्यांची सीटी अँजिओग्राफी, असे पर्याय असतात. काही रुग्णांना तर तेही लागत नाही. 'ही तपासणी नेमकी कोणत्या संशयाने करता आहात, आणि ती आज न केल्यास काय होईल?' हे दोन प्रश्न नातेवाइकांनी अवश्य विचारावेत. ते विचारल्यावर चिडणाऱ्या डॉक्टरांचे मी समर्थन करणार नाही.

फक्त दोन गोष्टींची गल्लत करू नये. दुसरे ट्रोपोनिन होईपर्यंत काही तास थांबणे वेगळे, आणि कारण न सांगता अँजिओग्राफीच्या टेबलावर नेणे वेगळे. पहिल्याला विरोध करताना आपण दुसऱ्याचा राग काढत असतो.

रात्रपाळी

मी अपघात विभागात परिचारिका आहे. डॉक्टर येण्याआधी रुग्णाशी पहिले बोलणे बहुधा आमचेच होते, म्हणून त्या दहा मिनिटांत काय चालते ते सांगते. छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाचा ईसीजी दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघालाच पाहिजे, असा दंडक आहे. केसपेपर, पैसे, सही हे सगळे त्यानंतर.

रुग्ण स्ट्रेचरवर येतो तेव्हा मी त्याचा हात कुठे आहे ते पाहते. 'कुठे दुखते?' विचारल्यावर जो माणूस मूठ किंवा अख्खा पंजा छातीच्या मधोमध ठेवतो, त्याच्याकडे माझे जास्त लक्ष जाते. एका बोटाने 'इथेच, या बरगडीपाशी' असे दाखवणाऱ्याचे कारण बहुधा छातीच्या भिंतीत असते; बहुधा म्हणते, नेहमीच असे नाही. ज्याला खरा झटका आलेला असतो तो इतका घामाघूम झालेला असतो की ईसीजीचे रबरी फुगे छातीवर टिकत नाहीत, घसरून पडतात. आधी गॉझने छाती कोरडी पुसायची, केस दाट असतील तर तेवढी जागा रेझरने साफ करायची, जेली लावायची, मग पट्टी काढायची. छातीवरून फुगा दोनदा घसरला की मी पट्टी निघण्याची वाट न पाहता डॉक्टरांना हाक मारते.

नातेवाईक कधी कधी चिडतात की तेच ते प्रश्न तिघांनी विचारले. कधी सुरू झाले, काय करत असताना सुरू झाले, हळूहळू वाढले की एकदम आले, हातात, जबड्यात, पाठीत जाते का, श्वास घेतल्यावर वाढते का, वाकल्यावर कमी होते का, पूर्वी असे झाले होते का. हे प्रश्न पुन्हा विचारण्याचे कारण असे की भेदरलेला माणूस पहिल्यांदा अर्धेच सांगतो. सकाळी जिना चढतानाही असेच झाले होते, हे त्याला तिसऱ्यांदा विचारल्यावर आठवते, आणि त्या एका वाक्याने सगळी दिशा बदलते.

जुनी_पाने

रात्रपाळी यांनी लिहिलेल्या प्रश्नांचा इतिहास मोठा आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी 'अंजायना पेक्टोरिस' हे नाव देऊन या दुखण्याचे जे वर्णन केले, ते १७७२ मध्ये छापले गेले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत घुसमटवणारी वेदना उठते आणि थांबले की ती नाहीशी होते, हे त्यांनी केवळ रुग्णांना विचारून टिपले होते. तेव्हा स्टेथोस्कोपही नव्हता. तो फ्रान्समध्ये लेनेक यांनी १८१६ मध्ये शोधला. ईसीजीचे यंत्र घडवणाऱ्या आइंटहोव्हेन यांना नोबेल मिळाले ते १९२४ मध्ये.

रानवारा यांच्या प्रतिसादाशी जोडलेली एक नोंद इथे द्यावीशी वाटते. हृदयाची धमनी गुठळीने बंद झाल्यावरही माणूस जगू शकतो आणि ते लक्षणांवरून ओळखता येते, हे अमेरिकेतील जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये मांडले. त्याआधी अशा कित्येक मृत्यूंची नोंद 'तीव्र अजीर्ण' म्हणून होत असे. पोटाचे म्हणून सोडून देणे ही फार जुनी सवय आहे.

रानवारा

जुनी_पाने, माहिती आवडली. माझी शंका मात्र उरतेच. ॲसिडिटीचे औषध किंवा ओवा घेतल्यावर दुखणे थांबले, तर ते पोटाचेच होते असे सिद्ध होत नाही का?

तालुक्याचा_डॉक्टर

नाही, आणि या गैरसमजामुळे फार लोक उशिरा येतात. अंजायनाची वेदना स्वस्थ बसल्यावर काही मिनिटांत आपोआपच ओसरते. त्याच वेळी तुम्ही ओवा घेतलेला असतो, म्हणून श्रेय ओव्याला मिळते. उलट बाजूनेही तसेच आहे. जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, ठेवल्यावर दुखणे थांबले म्हणजे ते हृदयाचेच, असेही म्हणता येत नाही, कारण अन्ननलिकेच्या स्नायूंना पेटका आला असेल तर तोही त्याच गोळीने सैल पडतो. गोळीला मिळालेल्या प्रतिसादावरून निदान करू नये, असे आम्हाला शिकवले जाते. छातीचा एखादा बिंदू दाबल्यावर दुखले म्हणून निर्धास्त होणेही तितकेच धोक्याचे. कारण झटका आलेल्या माणसाची बरगडीही दुखरी असू शकते.

आम्लपित्ताकडे बोट दाखवणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत. आडवे झाल्यावर किंवा वाकल्यावर वाढणारी जळजळ, घशाशी आंबट येणे, चालण्या-चढण्याशी संबंध नसणे, महिनोन्महिने तसेच चालू असणे. हृदयाची शंका फिटल्यानंतर काही आठवडे आम्ल कमी करणारे औषध देऊन पाहतात. गिळताना अडकणे, वजन उतरणे, काळी शौच असे काही असेल तर एंडोस्कोपी करतात.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये राहतो. घोट्याचे हाड मोडल्यामुळे माझ्या पत्नीचा पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघण्याच्या सुमारास तिला एकाएकी उजव्या बाजूला कळ आली. खोल श्वास घेतला की कळ वाढायची, आणि बसल्या जागी धाप लागत होती. वय चाळिशीच्या आत, त्यामुळे आम्हाला उसण भरली असे वाटले. रुग्णवाहिकेतील लोकांनी आधी तिच्या दोन्ही पोटऱ्या पाहिल्या; एक दुसरीपेक्षा सुजलेली होती. रुग्णालयात सीटी काढल्यावर फुप्फुसात गुठळी निघाली. रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले आणि ती पूर्ण बरी झाली. अशा वेळी डी-डायमर नावाची रक्ततपासणी करतात असे मी वाचले होते. तिची मात्र केली नाही, थेट सीटीच केला. याचे कारण डॉक्टर सांगू शकतील का?

तालुक्याचा_डॉक्टर

डी-डायमर ही नाकारण्यासाठी उपयोगी पडणारी चाचणी आहे. गुठळीची शक्यता मुळातच कमी असेल आणि डी-डायमर नॉर्मल आली, तर सीटी टाळता येतो. पण हाड मोडलेले, पाय बरेच दिवस न हललेला, एक पोटरी सुजलेली, अशी शक्यता जास्त असताना चाचणी नॉर्मल आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. आणि अलीकडे दुखापत किंवा शस्त्रक्रिया झालेली असेल तर ती गुठळीशिवायही वाढलेली येते. म्हणून त्यांनी थेट सीटी केला. कोणती तपासणी करायची हे दुखण्याच्या नावावरून ठरत नाही, रुग्णाच्या हकीकतीवरून ठरते.

श्वासासोबत वाढणाऱ्या वेदनेत आपल्याकडे क्षयाचाही विचार करावा लागतो. बारीक ताप, भूक मंदावणे आणि एका बाजूला श्वास घेताना सुईसारखी टोच, अशी हकीकत घेऊन येणाऱ्या तरुण रुग्णाच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या आवरणात पाणी दिसते, आणि ते पाणी काढून तपासले की पुष्कळदा क्षयाचे निघते. हृदयाच्या आवरणालाही क्षय सूज आणतो. त्या सुजेची वेदना उताणे झोपल्यावर वाढते आणि पुढे वाकून बसले की हलकी होते. रुग्ण पलंगावर उशी पोटाशी धरून बसलेला दिसतो.

सह्यवाट

माझा भाचा उंच आणि सडपातळ आहे, वय बावीस. वाचत बसलेला असताना त्याच्या डाव्या छातीत एकदम चमक मारली आणि श्वास अपुरा पडू लागला. एवढ्या तरुण मुलाला काय होणार, म्हणून घरच्यांनी शेक दिला. संध्याकाळी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला तर डाव्या बाजूला श्वासाचा आवाज जवळजवळ नव्हताच. एक्स-रेमध्ये फुप्फुस आकसून एका बाजूला गेलेले. छातीत नळी घालून हवा काढावी लागली. उंच, सडपातळ मुलांमध्ये हे होते आणि धूम्रपानाने धोका वाढतो, हे आम्हाला तेव्हा कळले.

सांजसावली

मला जे झाले ते सांगायला लोक कचरतात, म्हणून मुद्दाम लिहिते. ऑफिसात असताना छाती आवळल्यासारखी झाली, हृदय धडधडू लागले, बोटांना मुंग्या आल्या आणि आपण आता मरणार अशी खात्रीच वाटली. रुग्णालयात सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. एका डॉक्टरांनी 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' म्हणून बोळवण केली. पण त्याने माझा त्रास थांबला नाही. तो पुन्हा पुन्हा होत राहिला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे समजावले की हा भीतीचा झटका आहे, तो खरा आहे, आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. आता पुष्कळ बरी आहे. हृदयाचे काही नाही हे कळणे गरजेचे होतेच, पण पुढचा रस्ता दाखवणारे माणूसही तितकेच गरजेचे होते.

तालुक्याचा_डॉक्टर

सांजसावली, मनःपूर्वक आभार. भीतीच्या झटक्याचे निदान इतर कारणे पाहून झाल्यावरच करावे आणि ते केल्यावर रुग्णाला वाऱ्यावर सोडू नये, हे दोन्ही आमच्या व्यवसायातील लोकांनी लक्षात ठेवायला हवे.

वयाबद्दल एक नोंद. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतर देशांतील लोकांपेक्षा काही वर्षे आधी, सरासरी त्रेपन्नाच्या आसपास, येतो असे दिसले. तिशी-चाळिशीतील माणसाची छाती भरून आली तर 'एवढ्या लहान वयात कुठे' असे आपल्याकडे म्हणू नये.

माळरान

महारोहिणीला चीर जाते असे आपण पहिल्या प्रतिसादात लिहिले होते. ते हृदयविकाराच्या झटक्यापासून वेगळे कसे ओळखतात? माझ्या वडिलांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला असतो, म्हणून विचारतो.

तालुक्याचा_डॉक्टर

रक्तदाब अनेक वर्षे आटोक्यात नसणे, हेच तिचे सर्वांत मोठे कारण आहे, तेव्हा आधी तो आटोक्यात आणा. ती वेदना पहिल्या क्षणापासूनच कमाल तीव्रतेची असते, पुष्कळदा फाटल्यासारखी, आणि पाठीत दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये जाते. झटक्याची वेदना बहुधा काही मिनिटांत चढत जाते. म्हणून आम्ही दोन्ही हातांचा रक्तदाब मोजतो, दोन्ही मनगटांची नाडी पाहतो. त्यांत ठळक फरक आढळला किंवा एक्स-रेमध्ये छातीचा मधला भाग रुंद दिसला, तर सीटी अँजिओग्राफी तातडीने करतात. हे ओळखणे महत्त्वाचे, कारण झटक्यात गुठळी विरघळवायला दिले जाणारे इंजेक्शन या आजारात दिले तर रक्तस्राव होऊन रुग्ण दगावू शकतो. सारखे दिसणारे दोन आजार आणि एकाचे औषध दुसऱ्यात घातक; 'आधी इंजेक्शन द्या, मग बघू' असे आम्ही करत नाही ते यामुळेच.

मांडवीकाठ

गोव्यात यासाठी चांगली सोय उभी राहिली आहे. 'स्टेमी गोवा' या सरकारी प्रकल्पात बाहेरच्या आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमधील हृदयरोगतज्ज्ञांना पाठवतात. झटका असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देऊन मग रुग्णाला बांबोळीला हलवतात. माझ्या शेजाऱ्यांना याचा प्रत्यक्ष लाभ झाला आहे. रुग्णाला स्वतःच्या गाडीत घालून थेट मोठ्या शहराकडे निघण्यापेक्षा १०८ ला फोन करणे बरे, असे मी सगळ्यांना सांगतो.

तालुक्याचा_डॉक्टर

पूर्ण सहमत. महाराष्ट्रातही १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि ती विनामूल्य आहे. धमनी पूर्ण बंद झाल्याचे पट्टीवर दिसत असेल आणि अँजिओप्लास्टीची सोय दोन तासांत गाठता येणार नसेल, तर जवळच्या रुग्णालयात इंजेक्शन घेऊन पुढे जाणेच हिताचे असते. रुग्णाने स्वतः गाडी चालवत तर मुळीच जाऊ नये.

जाता जाता, 'एकटे असताना झटका आला तर जोरजोरात खोकत राहा' असा संदेश फोनवर अजून फिरत असतो. घरी झटका आलेल्या माणसाला त्याचा उपयोग होतो याला कोणताही आधार नाही. तो वेळ फोन करण्यात घालवा.

गोदातीर

सर्वांचे आभार. भावोजी काल घरी आले. दोन्ही ट्रोपोनिन नॉर्मल, तिसरी पट्टीही पहिल्यासारखीच. एको नॉर्मल. टीएमटीमध्येही दोष निघाला नाही. आम्ल वर येण्याचा त्रास असावा असे सांगून औषध दिले आहे, रात्रीचे जेवण लवकर करायला सांगितले आहे. आता थोरले बंधू म्हणतात, 'मी म्हणत होतो ना, पोटाचेच होते; पैसे वाया गेले.' यावर काय उत्तर द्यावे?

तालुक्याचा_डॉक्टर

त्यांना सांगा की पोटाचे आहे हे आज कळले, त्या रात्री कोणालाच कळलेले नव्हते. पन्नाशी ओलांडलेला, रक्तदाब असलेला, पूर्वी तंबाखू खाल्ली असेल तर तेही धरून, छातीत जडपणा आणि घाम, एवढी हकीकत ऐकून मी स्वतःच्या सख्ख्या भावालाही ठेवून घेतले असते. आणि हा निकाल कायमचा दाखला नाही. चालताना किंवा चढताना छाती भरून आली, तर टीएमटी नॉर्मल होती म्हणून थांबू नका, लगेच दाखवा.

रानवारा

डॉक्टर, शेवटचे एक. घरात सॉर्बिट्रेट आणि ॲस्पिरिन ठेवावी का? आमच्या सोसायटीत अनेकांच्या खिशात असते.

तालुक्याचा_डॉक्टर

सॉर्बिट्रेट ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच ठेवावी आणि बसून घ्यावी. तिने रक्तदाब एकदम खाली येतो. आधीच कमी असेल, हृदयाच्या उजव्या बाजूचा झटका असेल, किंवा आदल्या दिवशी-दोन दिवसांत लैंगिक दुर्बलतेवरील गोळी घेतली असेल, तर ती घातक ठरू शकते. शेजाऱ्याच्या खिशातली गोळी जिभेखाली ठेवू नये. झटक्याचा दाट संशय असेल तर ॲस्पिरिनची ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची एक गोळी चावून घेतल्याने फायदा होतो, पण ॲलर्जी, पोटातील रक्तस्राव, किंवा मघाशी सांगितलेली पाठीत जाणारी फाटल्यासारखी वेदना असेल तर नाही. १०८ ला फोन लावल्यावर तिकडे विचारून घ्यावी.

रात्रपाळी

माझीही एक विनंती. पूर्वी कधी ईसीजी काढला असेल तर त्याची पट्टी सोबत आणा. काहींच्या पट्टीत जन्मभर थोडा वेगळेपणा असतो; जुनी पट्टी समोर असली की आजचा बदल नवा आहे की पहिल्यापासूनचा, हे डॉक्टरांना मिनिटात कळते. त्या कागदावरची छपाई उष्णतेने होते, वर्षा-दोन वर्षांत ती उडते आणि हाती कोरा कागद राहतो. म्हणून पट्टी मिळाली त्याच दिवशी तिचा फोटो काढा, तारीख आणि नाव दिसेल असा, आणि तो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा.